पीटरसन म्हणतात तो स्वभाव आणि हातात पडणारा पगार

अबोली

जॉर्डन पीटरसन यांची ती गाजलेली मुलाखत काल परत एकदा सलग बघितली. जानेवारी २०१८, ब्रिटनचं चॅनेल ४, समोर कॅथी न्यूमन. पहिल्यांदा बघितली तेव्हा मला राग आला होता तो न्यूमनबाईंचा. पीटरसन एक बोलायचे आणि त्या 'म्हणजे तुमचं म्हणणं असं की' करत भलतंच त्यांच्या तोंडी घालायच्या. त्यात झालं असं, की माणूस शांतपणे बोलतोय म्हणजे बरोबरच बोलतोय असं वाटून गेलं आणि मुद्दे तपासायचे राहूनच गेले. काल ते तपासायला बसले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पीटरसन कॅनडाचे. आधी हार्वर्डला, मग टोरांटो विद्यापीठात मानसशास्त्र शिकवलं, जोडीला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून वर्षानुवर्षं काम. २०१६ मध्ये कॅनडाच्या सी-१६ विधेयकाला (लिंगओळखीवरून भेदभाव करायला बंदी घालणारं) विरोध केला आणि जगभर नाव झालं. त्या मुलाखतीत न्यूमन यांनी स्त्री-पुरुषांच्या पगारात ९ टक्के तफावत असल्याचं सांगितलं. पीटरसन यांचं उत्तर असं होतं: तफावत आहे, पण सगळं खापर भेदभावावर फोडू नका. वय, कामाचा प्रकार, तास, आवड, स्वभाव अशी बरीच कारणं त्यात गुंतलेली आहेत. त्यातलं एक म्हणजे अ‍ॅग्रीएबलनेस, म्हणजे समोरच्याला दुखवायचं नाही, मिळतंजुळतं घ्यायचं, हा स्वभाव. तो बायकांमध्ये सरासरीने जास्त असतो, आणि असा स्वभाव असलेल्यांना पगार कमी मिळतो. म्हणून ते स्वतः त्यांच्याकडे येणाऱ्या बायकांना ठामपणे पगार मागायला शिकवायचे.

हे मला खोटं वाटत नाही. मी सहा वर्षं आठ जणांची टीम सांभाळते. दर वर्षी स्वतःच्या कामाबद्दल लिहिलेले आठ फॉर्म माझ्याकडे येतात. एकाच प्रोजेक्टबद्दल एकाने लिहिलं होतं, 'मी सिस्टीम वेळेआधी चालू करून दाखवली.' त्याच सिस्टीमचा अर्ध्याहून जास्त भाग जिने एकटीने लिहिला होता, तिच्या फॉर्मवर होतं, 'सर्वांच्या सहकार्यामुळे हे शक्य झालं.' नावं झाकून फॉर्म ठेवले तरी कुठला कोणाचा ते मी बऱ्याचदा ओळखेन.

पण पुढचं ऐका. मी स्वतः तो सल्ला पाळला होता. तीन आठवडे तयारी केली, केलेली कामं आकड्यांसकट एका कागदावर मांडली, आणि माझ्या तेव्हाच्या साहेबांसमोर बसले. त्यांनी कागद हातातही घेतला नाही. लॅपटॉप हळूच बंद केला आणि म्हणाले, 'तू अशी नव्हतीस.' वाढ मिळाली नाही. वर पुढच्या वर्षीच्या शेऱ्यात 'टीममध्ये मिसळण्यावर काम करावं' असं आलं. त्याच महिन्यात माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याने तेच मागितलं होतं. त्याच्याबद्दल हेच साहेब सगळ्यांना सांगत होते, 'पोरगा भुकेला आहे, पुढे जाणार.'

मला वाटायचं हा माझ्या एकटीचा अनुभव. पण २००७ मध्ये हॅना रायली बोल्स, लिंडा बॅबकॉक आणि लेई लाय यांनी प्रयोगातून नेमकं हेच दाखवलंय: पगार मागणाऱ्या बाईबरोबर काम करायला लोक नाखूश होतात, पुरुषाच्या बाबतीत तेवढे होत नाहीत. आणि २०१२ चा टिमोथी जज आणि सहकाऱ्यांचा अभ्यास तर थेट पीटरसन यांच्या मुद्द्यावरच आहे. मिळतंजुळतं न घेणाऱ्या पुरुषांना तसं घेणाऱ्या पुरुषांपेक्षा सुमारे १८ टक्के जास्त पैसे मिळतात. तसल्याच बायकांना जेमतेम ५ टक्के.

मग स्वभाव बदलून मी काय मिळवलं असतं? माझं म्हणणं असं की पीटरसन फरक बरोबर दाखवतात, पण त्या फरकाला किंमत कोण लावतं यावर ते येतच नाहीत. तुम्हाला काय वाटतं?

कातळ

तुमच्याबरोबर जे झालं ते चूकच होतं, त्यात दुमत नाही. पण मी पीटरसन यांच्या बाजूने लिहिणार आहे, कारण अर्धं ऐकून त्यांना झोडपणारेच जास्त भेटतात.

त्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा तुमच्या पोस्टमध्ये आलाच नाही. स्कँडिनेव्हिया. समानतेसाठी जगात सगळ्यात जास्त ज्यांनी केलं ते हे देश. नॉर्वेने १९९३ मध्ये वडिलांसाठी राखीव रजा आणली, २००३ मध्ये मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळावर ४० टक्के बायका हव्यात असा कायदा केला. तरी तिथे नर्सिंगमध्ये दहात नऊ बायकाच आहेत. समाजाने ढकलल्यामुळे बायका ठरावीक कामांकडे जात असतील तर जिथे ढकलणं कमी तिथे फरकही कमी व्हायला हवा. होतं उलटंच. २००१ मध्ये कोस्टा आणि सहकाऱ्यांनी २६ संस्कृतींमधली माहिती तपासली, तेव्हा युरोप-अमेरिकेत स्वभावातले फरक जास्त दिसले. २०१८ मध्ये फाल्क आणि हर्मल यांनी ७६ देशांतल्या ८०,००० लोकांची माहिती घेतली, त्यातही देश जितका श्रीमंत आणि समान तितके आवडीनिवडीतले फरक मोठे. आणि आवडीबद्दल बोलायचं तर २००९ चं सू, राउंड्स आणि आर्मस्ट्राँग यांचं मेटा-अ‍ॅनालिसिस आहे, म्हणजे बरेच अभ्यास एकत्र करून केलेला अभ्यास, पाच लाखांवर लोकांचा. पुरुषांचा ओढा वस्तूंकडे, बायकांचा माणसांकडे. हा मानसशास्त्रात सापडणाऱ्या मोठ्या फरकांपैकी एक आहे.

दुसरं. पीटरसन फक्त वरच्या खुर्च्यांबद्दल बोलत नाहीत. तुरुंगात कोण आहे, रस्त्यावर कोण झोपतं, हेही ते विचारतात. अमेरिकेत कामावर असताना मरणाऱ्यांत ९० टक्क्यांहून जास्त पुरुष असतात. हे कोणी का विचारत नाही?

आणि शेवटचं, वैयक्तिक. माझ्या धाकट्या बहिणीने इंजिनीयरिंग अर्धवट सोडून लहान मुलांना शिकवायचं ठरवलं तेव्हा घरात सगळ्यांनी तिला 'वाया घालवलंस' म्हणून ऐकवलं. ती आज सुखात आहे. माणसाने मनापासून केलेली निवड आपण मोकळेपणाने मान्य का करू नये? पीटरसन यांनी मला हे शिकवलं.

मुसाफिर

कातळ यांना अनुमोदन, विशेषतः शेवटच्या परिच्छेदाला.

फक्त एक. २०१८ मध्येच व्हाइसच्या मुलाखतीत याच पीटरसन यांनी स्त्री-पुरुष एकत्र काम करू शकतात का ते आपल्याला अजून ठाऊक नाही, जेमतेम चाळीस वर्षं झालीत, असं सांगून कामाच्या जागी मेकअप कशाला असा विषय काढला होता. ते मला अजिबात पटलेलं नाही. शेतात, गिरणीत, बाजारात बायका आणि पुरुष शतकानुशतकं खांद्याला खांदा लावून राबत आलेत. चाळीस वर्षांपूर्वी सुरू झालं ते बायकांना केबिन मिळणं.

वेधशाळा

माझं रोजचं काम आकडेवारीचं आहे, म्हणून थोडं लांबण लावते.

अ‍ॅग्रीएबलनेसमधला फरक खरा आहे, पण केवढा? रस्त्यावरून कोणताही एक पुरुष आणि कोणतीही एक बाई उचलली आणि 'दोघांत जास्त मिळतंजुळतं घेणारी बाईच' अशी पैज लावली, तर शंभरात साधारण साठ वेळा जिंकाल. नाणं उडवूनही पन्नास वेळा जिंकला असतात. पीटरसन स्वतः आक्रमकपणाबद्दल हेच साठ-चाळीसचं उदाहरण देतात, आणि मग सांगतात की मधल्या भागात फरक थोडा असला तरी टोकाला जाऊन तो प्रचंड होतो. गणित म्हणून हे अगदी बरोबर. तुरुंगात पुरुष जास्त का, याचं काही अंशी उत्तर त्यात मिळतं. पण ऑफिस टोकाच्या लोकांनी भरलेलं नसतं. तिथे सगळे मधलेच. अबोली यांच्या आठ जणांच्या टीममध्ये सरासरीचा आधार घेऊन एकाही व्यक्तीबद्दल काही सांगता येणार नाही. जॅनेट हाइड यांनी २००५ मध्ये ४६ मेटा-अ‍ॅनालिसिस एकत्र तपासली, त्यातले ७८ टक्के फरक लहान किंवा जवळजवळ शून्य निघाले. आवडीतला फरक मोठा आहे हे मात्र मलाही मान्य आहे, कातळ यांनी तो बरोबर निवडला.

आता स्कँडिनेव्हिया. कोस्टा यांच्या अभ्यासात लोकांनी आपल्याच स्वभावाला गुण दिलेत. 'मी किती सांभाळून घेते' याचं उत्तर देताना बाई स्वतःला कोणाशी ताडून बघते? जिथे बायका आणि पुरुषांची जगं वेगळी, तिथे ती इतर बायकांशी ताडते, आणि फरक पुसला जातो. जिथे दोघं एकाच टेबलावर बसतात तिथे ती पुरुषांशी ताडते, आणि फरक दिसायला लागतो. ही शंका त्या संशोधकांनी स्वतःच चर्चेला घेतली होती. याच विषयावर विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदव्यांबद्दलचा २०१८ चा स्टूट आणि गिअरी यांचा निबंध खूप गाजला, पण हार्वर्डच्या एका गटाला त्यातले आकडे जुळवता आले नाहीत आणि लेखकांना दुरुस्ती छापावी लागली. निष्कर्ष पूर्ण कोसळला असं मी म्हणत नाही. पण छातीठोकपणे सांगण्याइतका तो पक्का नाही.

आणि एक गोष्ट माझ्या फार जवळची आहे. प्रोग्रॅमिंग. १९४६ साली एनिॲक हा सुरुवातीचा इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर जगासमोर आला तेव्हा त्याचं प्रोग्रॅमिंग सहा बायकांनी केलं होतं, कारण ते कारकुनी काम समजलं जायचं. यंत्र बनवणारे पुरुष मोठे, ते चालवणाऱ्या बायका फोटोत कडेला. अमेरिकेत कॉम्प्युटर सायन्सच्या पदव्यांत १९८४ च्या सुमारास बायका ३७ टक्के होत्या. पुढे तीस वर्षांच्या आत त्या १८ टक्क्यांवर आल्या. बायकांचा मेंदू तीस वर्षांत बदलत नाही. घरोघरी आलेला कॉम्प्युटर मुलाच्या खोलीत ठेवला गेला, आणि कॉलेजच्या पहिल्या वर्गात शिकवणारे 'हे तर सगळ्यांना येतंच' धरून चालायला लागले, हे कारण मला जास्त पटतं.

पहाटपाळी

मी नर्स आहे, एकोणीस वर्षं. कातळ, तुमच्या पोस्टमधल्या 'दहात नऊ' पैकी एक समजा. 'माणसांकडे ओढा' हे शब्द वाचून राहवलं नाही.

हो, मला माणसांची आवड आहे. ती काय असते ते सांगते. एक आजोबा होते, हृदयाचं ऑपरेशन झालेले. रात्री दर वेळी बीपी घ्यायला गेले की विचारायचे, 'अजून जिवंत आहे का मी?' आणि मी म्हणायचे, 'कागदावर तरी आहात.' चौथ्या रात्री पहाटे तीनला गेले, त्यांनी विचारलंच नाही. मॉनिटरवर सगळं ठीक, सॅच्युरेशन ९५. पण ते नुसते छताकडे बघत होते. मी ड्युटीवरच्या डॉक्टरांना उठवलं. ते जरा वैतागलेच, आकडे सगळे बरे होते ना. पुढच्या वीस मिनिटांत प्रेशर खाली गेलं. वेळेत आत नेलं म्हणून वाचले. चार्टवर माझ्या नावाने फक्त वेळ लिहिलेली आहे, ०३:१०, 'डॉक्टरांना कळवले.'

ही आवड आहे की कौशल्य? बोलायच्या वेळी सगळे कौशल्य म्हणतात. पगार ठरवायच्या वेळी ती आवड होते, 'तुम्ही तर सेवाभावाने करता'. माझ्या वॉर्डात दोन पुरुष नर्स आहेत, दोघंही उत्तम. नवीन आलेले नातेवाईक न चुकता त्यांनाच डॉक्टर म्हणून हाक मारतात.

मी हे काम स्वतः निवडलं, मला कोणी ढकललं नाही. पीटरसन यांचं तेवढं बरोबर आहे. पण काम मी निवडलं म्हणून त्याचा पगारही मी निवडला असं होत नाही ना.

वेधशाळा

पहाटपाळी, तुमच्या शेवटच्या वाक्याला आकड्यांचाही आधार आहे. लेव्हानन, इंग्लंड आणि अ‍ॅलिसन यांनी २००९ मध्ये अमेरिकेची १९५० ते २००० ची जनगणना तपासली. एखाद्या क्षेत्रात बायकांचं प्रमाण वाढलं की पुढे त्या क्षेत्राचा पगार घसरतो, शिक्षण आणि कौशल्य तेवढंच धरूनही. आधी पगार कमी होता म्हणून बायका आल्या, असं त्यांना दिसलं नाही.

कातळ

पहाटपाळी, तुमचं वाचून गलबलून आलं. तुमच्या कामाला कमी लेखायचा हेतू नव्हता.

तरी मुद्द्यावर थांबतो. पगार मालकाच्या मनात काय आहे त्यावर ठरत नाही. उबरचंच घ्या. तिथे भाडं ठरवणारा साहेब नाही, मुलाखत नाही, कोणी 'तू अशी नव्हतीस' म्हणत नाही. तरी अमेरिकेत दहा लाखांवर चालकांच्या माहितीत पुरुषांची ताशी कमाई ७ टक्क्यांनी जास्त निघाली. कारणं: गाडी चालवण्याचा वेग, किती दिवसांचा अनुभव, कुठल्या भागात आणि कोणत्या वेळी फिरायचं. भेदभाव शून्य, तफावत आहेच. बॉस्टनच्या सरकारी बस-ट्रेन चालकांचंही तसंच. युनियनचा ठरलेला दर, सगळ्यांना सारखा, तरी पुरुष डॉलर कमावतात तिथे बायका ८९ सेंट. कारण पुरुष ओव्हरटाइम जास्त घेतात. याला निवड नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

अबोली

कातळ, बॉस्टनचं उदाहरण तुम्ही दिलंत ते बरं झालं, मला तिथेच यायचं होतं. ओव्हरटाइम आयत्या वेळी जाहीर होतो. ज्याच्या घरी मुलाला पाळणाघरातून आणायला दुसरं कोणी आहे तोच 'हो' म्हणू शकतो. त्याच अभ्यासात हेही आहे की तीन महिने आधी ठरलेला ओव्हरटाइम असेल तर बायका जवळजवळ पुरुषांइतकाच घेतात. आयत्या वेळचा असेल तर फरक पडतो. म्हणजे कामाला ना नाहीये, नड आहे ती वेळेची.

आता तुमच्याच स्कँडिनेव्हियात चला. हेन्रिक क्लेव्हेन आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये डेन्मार्कची आकडेवारी छापली. पहिलं मूल होईपर्यंत स्त्री आणि पुरुषाच्या कमाईच्या रेघा एकमेकींना धरून चालतात. मूल होतं त्या वर्षी आईची रेघ धाडकन खाली येते. वडिलांची तशीच पुढे जाते. वीस वर्षांनीसुद्धा आई सुमारे २० टक्के मागे असते. तफावत स्वभावाची असती तर पहिल्या नोकरीपासून दिसली असती ना? बाईचा अ‍ॅग्रीएबलनेस प्रसूतीच्या दिवशी वाढत नाही.

मुसाफिर

पण शरीर बदलतं, अबोली. हार्मोन बदलतात, मुलाची ओढ लागते. आई झाल्यावर प्राधान्यं बदलली तर तीही जैविकच गोष्ट झाली की.

अबोली

रास्त शंका. तीच त्या लोकांनी २०२१ मध्ये तपासली. मूल दत्तक घेणारी जोडपी आणि स्वतःचं मूल असणारी जोडपी, दोन्ही डेन्मार्कमधली. दत्तक घेणारीला ना गरोदरपण, ना बाळंतपण, ना अंगावर पाजणं. लांबचा फटका दोघींना जवळजवळ सारखाच बसतो.

आणि मुलं अजिबात मध्ये न आणता एक उदाहरण देते. पीटरसन यांची मुलाखत झाली त्याच जानेवारी २०१८ मध्ये, काही दिवस आधी, बीबीसीच्या चीन संपादक कॅरी ग्रेसी यांनी पद सोडलं. त्यांच्याच दर्जाच्या पुरुष आंतरराष्ट्रीय संपादकांना त्यांच्यापेक्षा बराच जास्त पगार होता. त्यांची आवड वेगळी नव्हती, स्वभावही मवाळ नव्हता, चिनी भाषा येणारी कसलेली पत्रकार. पुढे बीबीसीने माफी मागितली, मागचे पैसे दिले, आणि त्यांनी ते सगळे स्त्री-समानतेसाठी काम करणाऱ्या फॉसेट सोसायटीला देऊन टाकले. इथे तुम्ही कुठलं कारण लावाल?

उशिराचा पाऊस

धागा चार दिवस वाचतोय. माझा अनुभव कदाचित उपयोगी पडेल, कारण मी पुरुष आहे.

मुलगी झाली तेव्हा बायकोची बढती अगदी तोंडावर होती, म्हणून तिची रजा संपल्यावर मी चार महिने घरी राहिलो. बिनपगारी. पहिल्या दिवशी बाळाला झोपवायला मला दोन तास लागले. तिसऱ्या महिन्यात ती रडायच्या आधी नुसत्या हालचालीवरून मला कळायचं की भूक आहे की पोट दुखतंय. मी इतका 'वस्तूंकडे ओढा' असलेला माणूस आहे, आयुष्य मशीन डिझाइन करण्यात गेलंय. पहाटपाळी यांनी त्या आजोबांबद्दल लिहिलंय ते वाचताना मला तेच आठवलं. ते शिकता येतं. रोज करावं लागलं की येतं.

परत गेलो तर माझं प्रोजेक्ट दुसऱ्याकडे. मॅनेजरने सांगितलं, 'तुला आता घर जास्त महत्त्वाचं आहे असं वाटलं, म्हणून तुझं नाव पुढे केलं नाही.' मला कोणी विचारलं नव्हतं. तीन वर्षं झाली, माझ्याबरोबरचे अजून एक पायरी पुढे आहेत.

म्हणजे जो घरी थांबला त्याला फटका बसला. बाई असो की पुरुष.

वेधशाळा

याच गोष्टीसाठी क्लॉडिया गोल्डिन यांचं काम वाचावं, २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल. त्या म्हणतात, काही नोकऱ्यांत दुप्पट तास दिले की दुपटीहून कितीतरी जास्त पैसे मिळतात, कारण माणूस कधीही हाकेला हजर हवा असतो. घरात मूल असलं की दोघांपैकी एकालाच तसं राहता येतं. त्यांचं आवडतं उलट उदाहरण अमेरिकेतल्या औषधविक्रेत्यांचं. पूर्वी छोटी दुकानं, मालकच फार्मासिस्ट, तफावत मोठी. मग साखळी दुकानं आली, पेशंटची नोंद कॉम्प्युटरवर गेली, एकाची जागा दुसरा सहज घ्यायला लागला. अर्धवेळ काम केलं तरी तासाचा दर जवळजवळ तोच राहिला. तफावत खूप आटली. त्यासाठी कुठल्याही फार्मासिस्ट बाईला ठामपणाचे धडे घ्यावे लागले नाहीत. काम बदललं.

कातळ

दोन दिवस विचार करून लिहितोय.

दत्तक मुलांचा अभ्यास मला माहीत नव्हता. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. ग्रेसी यांच्याबाबतीत तर सरळ अन्यायच झाला. पण आवडीतला फरक मी सोडणार नाही. उद्या सगळ्या नोकऱ्यांचे तास औषधांच्या दुकानासारखे झाले तरी इंजिनीयरिंगच्या वर्गात अर्ध्या मुली दिसतील असं मला वाटत नाही, आणि तसं नाही झालं तर ते अपयश मानू नये, एवढंच माझं म्हणणं आहे. पीटरसन यांच्याकडून मी तेच घेतलं.

अबोली, 'किंमत कोण लावतं' हा तुमचा प्रश्न मात्र मी बहिणीला विचारला. ती म्हणाली, 'मी शिकवायला आले ते आवडीने. पण पगार वाढवून मागितला की तीच आवड माझ्या तोंडावर फेकतात.' जवळजवळ पहाटपाळी यांचंच वाक्य.

अबोली

तुमच्या बहिणीला माझा नमस्कार सांगा. वर्गात अर्ध्या मुली नसल्या तरी माझी तक्रार नाही, ज्या आहेत त्यांना शेजारच्या बाकावरच्याइतकं मिळावं.

आमच्याकडे अप्रेझल पुढच्या महिन्यात आहे. फॉर्ममध्ये 'अपेक्षित वाढ' असा एक रकाना असतो. गेल्या सहा वर्षांचे माझ्याकडचे फॉर्म काढून बघितले. तीन जणींनी तो दर वर्षी कोरा सोडलाय आणि पुरुषांपैकी एकानेही एकदाही नाही. तो रकाना काढून टाकावा आणि प्रत्येक पदाची पगाराची मर्यादा सगळ्यांना आधीच दाखवावी, असं मी एचआरला लेखी कळवलंय. सोबत सहा वर्षांचे आकडे जोडलेत, नावं न घालता. अजून उत्तर नाही. सोमवारी जाऊन बसणार आहे त्यांच्यासमोर.

पहाटपाळी

कागद त्यांच्या हातात द्या. टेबलावर ठेवू नका.